नाव, गाव, कॉलेज

"हलू नकोस," म्हणत डेलाने टाचणी तिसऱ्यांदा बाहेर काढली.

ब्रेटच्या कोटावर ते पांढरं फूल काही केल्या सरळ बसत नव्हतं. कापड जाड होतं, आणि ब्रेट एका जागी उभा राहील तर शपथ. धक्क्यावरून बोटीत चढणाऱ्या प्रत्येकाला तो मान वळवून हाक मारत होता, आणि तीही आडनावाने. त्यांच्या मंडळातले सगळे एकमेकांना भाऊ मानत, पण हाका आडनावानेच मारत. चाळीसेक मुलगे, कॉलेजमागचं एक जुनं तीनमजली घर, दारावर तीन ग्रीक अक्षरं. वर्षातून एकदा, एप्रिल संपता संपता, हे सगळे सूट घालून, आपापली मैत्रीण बरोबर घेऊन नदीवरची बोट भाड्याने घेत. या संध्याकाळला ते फॉर्मल म्हणत आणि तिच्याबद्दल फेब्रुवारीपासून बोलत.

"कोणी विचारलं तर काय सांगायचं?" ब्रेटने हळूच विचारलं.

"नर्सिंग. पहिलं वर्ष. नदीपलीकडचं कॉलेज."

"आणि प्रॉमचं नाव काढायचं नाही."

"नाही काढत. टोचेल हं, सरळ उभा राहा."

डेला अजून शाळेत होती, बारावीत. बोटीवरच्या एवढ्या मुलींमध्ये शाळेतली ती एकटीच. अंगातला हिरवा झगा पुढच्या शनिवारी प्रॉमला, शाळेच्या नाचालाही जाणार होता, फक्त ते इथे कुणाला कळायचं नव्हतं. तिला स्वतःला शाळेची लाज वाटत नव्हती. ब्रेटला वाटत होती, आणि त्याचा तिला राग येत होता. पण आज राग काढून चालणार नव्हतं. आज त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगताना त्याला कमीत कमी लागावं म्हणून ती गुरुवारपासून शब्द जुळवत होती.

गुरुवारी दुपारी तिने ओरेगनच्या कॉलेजला हो कळवलं होतं. जंगलांचा अभ्यास, चार वर्षं, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. वडिलांना ठाऊक होतं, आईला नव्हतं. डेला ऑगस्टमध्ये ब्रेटच्याच कॉलेजात जाणार हे आई धरून चालली होती आणि ब्रेटही. वसतिगृह कुठलं चांगलं, कुठल्या खानावळीतलं सूप चुकूनसुद्धा घ्यायचं नाही, हे त्याने तिला कधीच सांगून टाकलं होतं. येताना गाडीत विषय काढायचा, असं तिने ठरवलं होतं. पण ब्रेटने रेडिओ लावला आणि वाटेत दिसेल त्या ट्रकविषयी काही ना काही बोलत राहिला. एरवी गाडी चालवताना तो दोन वाक्यंसुद्धा बोलत नसे.

बोट सुटली तेव्हा ऊन अजून पाण्यावर होतं. खालच्या मजल्यावर गोल टेबलं मांडली होती. कोंबडी आली, हिरव्या शेंगा आल्या, चीज घातलेले बटाटे आले. डेलाने सगळं संपवलं, कारण तोंडात घास असला की बोलावं लागत नाही. ब्रेटने मात्र कशालाच हात लावला नाही. तो काटा उचलायचा, खाली ठेवायचा, कोटाच्या आतल्या खिशावरून हात फिरवायचा. मानेवर लाल डाग उमटले होते. परीक्षेच्या आधी उमटायचे तसेच.

समोर पिकेट बसला होता. मंडळातला सगळ्यात बोलका मुलगा, आणि नेमकी त्याची आई नर्स. पहिल्या वर्षी काय काय शिकवतात, हे त्याला सविस्तर ऐकायचं होतं. डेलाने दोन उन्हाळे गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात काम केलं होतं. तेवढ्या भांडवलावर ती जखम कशी धुवायची आणि पेशंट चावायला आला तर मान कुठे धरायची, हे सांगत गेली.

"पेशंट चावतात?" पिकेटने विचारलं.

"काही काही."

टेबलावर हशा पिकला. पिकेट म्हणाला, "हॅगर्टी, पोरगी झकास आहे रे, हिला सोडू नकोस." यावर बाकीचे दोघे-तिघे इतके जोरात खोकले, की डेलाने मान वर केली. ब्रेट पाणी पीत होता. ग्लास रिकामा झाला तरी तो पीतच राहिला.

ताटं उचलायच्या आधीच मार्गोने तिला खांद्याला धरून उठवलं. मार्गो शेवटच्या वर्षाला होती. मंडळाचा अध्यक्ष श्रोडर, त्याची मैत्रीण. गळ्यातल्या बारीक साखळीत तीच तीन ग्रीक अक्षरं लटकत होती आणि बोलता बोलता तिचा हात तिथे जायचा. मुलींच्या स्वच्छतागृहात तिने डेलाला आरशासमोर उभं केलं आणि तिच्या गळ्यातली, आजीने दिलेली क्रॉसची चेन मागून काढायला सुरुवात केली.

"ही आज ठेव बाजूला. गळा मोकळा हवा."

"कशाला?"

मार्गोने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "अगं बाई. तुला खरंच पत्ता नाही?" मग स्वतःच हसली. "बरोबर आहे म्हणा, पत्ता नसायलाच हवा. पण माझ्या पोटात काही राहत नाही. ऐक, मी सांगितलं असं दाखवू नकोस हं."

आणि तिने सगळं सांगून टाकलं. केक झाला की संगीत थांबणार. मंडळातले सगळे गोल करून उभे राहणार, ब्रेट आणि डेला मध्ये. श्रोडर तिला नाव, गाव आणि कॉलेज विचारणार, ती मोठ्याने सांगणार, सगळे मिळून मंडळाचं जुनं गाणं म्हणणार आणि ब्रेट आपली अक्षरं तिच्या गळ्यात घालणार. हा काही साखरपुडा नव्हे, मार्गो म्हणाली, पण यापुढची पायरी अंगठीचीच. बोट धक्क्याला लागली की भाऊ लोक ब्रेटला खांबाला बांधणार आणि त्याच्यावर अंडी, मोहरीची चटणी, हाताला लागेल ते ओतणार. ही त्यांची मायेची तऱ्हा. श्रोडरच्या कानातून दोन दिवस मोहरी निघत होती.

"कोणी नाही म्हणालं तर?" डेलाने विचारलं.

"गोलात उभं राहून?" मार्गोला हा प्रश्न मजेचा वाटला. "एकीने म्हणे एकदा विचार करायला वेळ मागितला होता. त्याला बारा वर्षं झाली. अजून दर फॉर्मलला तिची गोष्ट निघते." तिने चेन डेलाच्या तळहातावर ठेवली, तिची बोटं मिटली आणि गालाला गाल लावून बाहेर गेली.

डेला दोन्ही जिने चढून वर गेली. वारा सुटला होता. पलीकडे, केंटकी राज्याच्या काठावरची झाडं नुकती पालवली होती, एरवी तिने ती नावासकट मोजली असती. आता तिला ती दिसतही नव्हती. वाईट याचं वाटत होतं, की दोन वर्षांपूर्वी हे घडलं असतं तर ती आनंदाने वेडी झाली असती. दहावीत असताना ब्रेटने तिला पहिल्यांदा गाडीतून घरी सोडलं, त्या रात्री तिने हेच तर मागितलं होतं. आणि आज तेच तिला पकडायला येत होतं. बोटीवरून उतरायची सोय नव्हती. तिने खरोखरच काठाचा अंदाज घेतला आणि स्वतःच्या मूर्खपणावर चरफडली.

ब्रेट तिला शोधत वर आला, की एकटं राहायला आला, ते कळलं नाही. तिला पाहून तो दचकला एवढं खरं.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," डेला म्हणाली. "आत्ताच."

"नंतर सांग ना."

"नंतर उशीर होईल."

त्याने कठड्याला हात टेकले. बोटं पांढरी होईपर्यंत तो कठडा दाबत होता. "आज अवघड काही बोलू नकोस, डेला. आज नको. आजचा दिवस नीट पार पडू दे."

"पण ब्रेट..."

"केक आलाय," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. दोन-दोन पायऱ्या टाकत.

ती तिथेच थांबली. एवढी धास्ती घेतलीये म्हणजे याला माझ्याविषयी किती वाटत असेल, असं तिच्या मनात आलं. भर गोलात, चाळीस जणांसमोर त्याचं तोंड उतरलेलं पाहावं लागणार. की घालून घ्यावीत ती अक्षरं, उद्या घरी गेल्यावर बोलावं, फोनवर? तिला हे सोपं वाटलं, आणि सोपं वाटलं म्हणूनच तिला ते नको झालं. वाऱ्यात केस तोंडावर येत होते. तिने चेन मानेमागे नेली, आकडा दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. मग ती खाली गेली.

केकचे तुकडे वाटून झाले होते. संगीत थांबलं. श्रोडरने चमचा ग्लासवर वाजवला आणि नुसतं "हॅगर्टी" म्हटलं. टाळ्या, शिट्ट्या, टेबलांवर थापा. मुलगे खांद्याला खांदा लावून गोलात उभे राहिले, मुली त्यांच्यामागे खुर्च्यांवर चढल्या. कोणीतरी डेलाला पाठीवर हात ठेवून आत ढकललं. ब्रेट आधीच मध्ये होता, उजवी मूठ घट्ट मिटून. तिच्या गळ्यातली चेन पाहून मार्गोने कपाळाला हात लावला.

श्रोडरने आवाज बदलला. हा आवाज वर्षातून दोन-चारदाच वापरायचा असावा. "पाहुणीने आपलं नाव, गाव आणि कॉलेज मंडळाला सांगावं."

डेलाने ब्रेटकडे पाहिलं. त्याचे ओठ हलत होते. प्रेमाचं काही म्हणत असेल असं तिला क्षणभर वाटलं. मग कळलं, तो तिला आठवण करून देत होता. नर्सिंग. पहिलं वर्ष.

"डेला होल्टमन," ती म्हणाली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "गाव बेंटन क्रीक. कॉलेज नाही. मी बारावीत आहे."

एकदोघे हसले. पिकेट म्हणाला, "आणि ते चावणारे पेशंट?"

"ते कुत्रे होते," डेला म्हणाली. हसू वाढलं, आणि ते ओसरायच्या आत तिने उरलेलं सांगून टाकलं. "ऑगस्टपासून ओरेगनला. जंगलांचा अभ्यास करायला. चार वर्षं."

जवळच्यांचं हसणं थांबलं. श्रोडरने ब्रेटकडे पाहिलं, मग मार्गोकडे. असं उत्तर आलं तर काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. उत्तर आल्यावर अध्यक्षाने मान डोलवायची, एवढं मात्र पाठ होतं, तर त्याने मान डोलवली. गोलाच्या पलीकडच्या टोकाला इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी मान डोललेली पाहिली आणि गाणं सुरू केलं. मग बाकीच्यांनाही गावंच लागलं.

ब्रेट तिच्यासमोर हातभर अंतरावर होता. डेला त्याचं तोंड उतरायची वाट पाहत होती. शब्द तयार होते. यात तुझा काही दोष नाही. नाताळात मी येईनच. तो पुढे झुकला.

"खरंच चाललीस?"

"हो."

"ठरलंय?"

"ठरलंय."

"बरं," ब्रेट म्हणाला.

हे ‘बरं’ तिच्या ओळखीचं होतं. मागच्या हिवाळ्यात दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढावी लागणार नाही असं सांगितलं, तेव्हा तो असंच म्हणाला होता. त्याचे खांदे खाली आले. मूठ खिशात गेली आणि रिकामी बाहेर आली.

"तुझी आई म्हणाली होती, तू वाट बघतेयस म्हणून," तो तिच्या कानाशी म्हणाला. "म्हटलं, अक्षरं नाही दिली तर वाईट दिसेल." आणि तो हसला. मोकळं हसला, शाळेत हसायचा तसं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

डेलाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. हेच तर तिला हवं होतं. पण तिला राग आला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. गुरुवारपासून तिने एकेक शब्द पारखून ठेवला होता, त्याला लागू नये म्हणून. आपल्याला लागेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

गाण्याला तीन कडवी होती. ती संपेपर्यंत दोघांनी मध्ये हातात हात घेऊन उभं राहायचं, अशी पद्धत. ब्रेटने हात पुढे केला. मघा मूठ वळलेला तो हात आता सैल होता. चाळीस जण त्यांच्याकडे बघून गात होते, मागे खुर्चीवर कुणीतरी फोटो काढत होतं, आणि अजून पहिलंच कडवं चाललं होतं. डेलाने त्याचा हात धरला आणि ती हसत उभी राहिली.