फिक्या निळ्या कपड्यातला नट

मोरिता साहेब यायला दहा मिनिटं होती, आणि ताराबाईंनी भेटवस्तूचा कागद फाडून ठेवला होता.

"अहो आई, काय केलंत हे!" सून सुरुची ओरडली.

"चित्र बघ आधी. मग माझ्यावर ओरड."

मुलाचे, प्रसन्नचे, हे जपानी साहेब उद्या ऑपरेशनसाठी मायदेशी निघाले होते. त्याआधी आखातातल्या ह्या मंगफच्या घरी जेवण. लवकर बरे व्हा म्हणून प्रसन्नने शर्क भागातल्या एका दुकानातून काबुकी नाटकातल्या नटाचं जुनं, लाकडी ठशाचं चित्र आणलं होतं.

"किती शांत चेहरा आहे, आई," प्रसन्न म्हणाला.

"शांत नाही रे, मेलाय तो! साहेबांनीच दिलेलं असल्या नटांचं कॅलेंडर वर्षभर भाकऱ्या थापताना बघतेय मी. तोंडावर तांबड्या रेघा शूराच्या, निळ्या दुष्टाच्या, हे तूच सांगितलंस ना? बारा नटांत एक तरी असा गप्प आहे? ह्याच्या तोंडाला रंग नाही, कपडा फिका निळा, हातात जपमाळ, पायाशी कमळ. सोंग उतरवून निघालाय हा. आजारी माणसाला हे देतोस?"

"तुला काय कळतं त्यातलं?"

बेल वाजली. प्रसन्नने फाटका कागद कसाबसा गुंडाळला.

साहेब निम्मे झाले होते. गळ्याभोवती कॉलर सैल पडली होती. वरणभात चिवडून झाल्यावर प्रसन्नने पुडकं उचललं, आणि ताराबाईंनी ते त्याच्या हातातून हिसकावलं.

"हे माझं आहे."

प्रसन्नचे कान लाल झाले. साहेबांनी हसून दोन्ही हात पुढे केले. पाहुण्याच्या हाताला नाही कसं म्हणायचं? ताराबाईंनी पुडकं दिलं.

साहेब चित्राकडे बघतच राहिले. मग हळू इंग्रजीत काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?" ताराबाईंनी विचारलं.

प्रसन्न खाली बघत म्हणाला, "नट वारला की... त्याच्या चाहत्यांसाठी असं चित्र छापायचे. हे कुणासाठी आणलं, विचारतात."

"सांग, म्हातारीने स्वतःसाठी आणलं. मी गेल्यावर भिंतीवर लावायला माझा एक फोटो धड नाही. कसं बसायचं ते ह्याच्याकडून शिकतेय. सगळं सांग, गाळू नकोस."

त्याने सगळं सांगितलं. कागदाला साहेबांच्या नावाचं कार्ड अजून चिकटलेलं होतं. साहेबांनी ते अलगद सोडवून खिशात घातलं, आणि कमरेत वाकून चित्र ताराबाईंच्या हातात दिलं.

"भिंतीवर कसं दिसतं ते बघायला येईन म्हणतात," प्रसन्न पुटपुटला.

"यावंच लागेल," ताराबाई म्हणाल्या. "आणि येताना तांबड्या रेघांचा एक आणा म्हणावं. ह्याच्या शेजारी कुणीतरी जिवंत हवा."