खोऱ्यातलं दहिवर

"अजून लई सवड हाय," ऑर्फावन्सं म्हनाल्या आन् पालकाचं बी पुन्ना डब्यात वतलं.

माझा नवरा हॉबर्ट वैतागला. "आक्का, ती सवड तुझ्या डोंगरमाथ्यावर. हितं खोऱ्यात समदी थंडी घरंगळत येती. रातकिडा पयल्यांदा वरडला की तीन म्हयन्यांत दहिवर पडून माती गोठती. हितला किडा कवाच वरडलाय!"

"तुझ्या किड्याला काय कळतंय? उभा जलम पालक लावलाय म्या."

ननंदेचं बोलनं असलंच. दादला गेला, पोरानं माथ्यावरचं घर इकलं आन् ही ट्रंक घिऊन आमच्यात आली. म्या रांधायचं, तिनं नावं ठिवायची. जीव नुसता विटून गेला व्हता माझा. पन आयतं गिळायची तिला लाज वाटायची, ह्ये बी खरं. थँक्सगिव्हिंगच्या, सुगी सरल्यावरच्या सणाच्या, पंगतीला आपल्या हातचा पालक वाढायचा, एवढंच धरून बसली व्हती.

अखेर माथ्याच्या हिशेबानं तिनं बी टाकलं. उगवलं, चार पानं आली, उंदराच्या कानाएवढी. आन् एका सकाळी बघतो तर वाफा पांढराफेक, माती दगडावानी.

पंगतीला टर्की व्हती, मक्याचा पाव व्हता, घेवडा व्हता. वन्संनी ताट म्होरं सारलं. "मला थोडंच वाढ, इडा. ह्यात माझं काय बी न्हाई."

लई वंगाळ वाटलं मला. जेवनं उरकली तशी म्या ओकचा पालापाचोळा वढत आनून वाफ्यावर टाकला.

"मेल्यावर पांघरून कशाला घालतीस गं?" दारातनं वन्सं म्हनाल्या.

"गप बसा वो. मेलंय का जितं, ते म्या बघतो."

हिवाळा सरता सरंना. तळघरात कोंब फुटलेलं बटाटं तेवढं ऱ्हायलं, घेवडा खाऊन त्वांड आंबलं. बर्फ इतळला तसा पाला सारला, तर खाली पालक! जाडजूड, हिरवागार. वन्संनी डुकराच्या चरबीत परतला, वर आंबट शिरका शिंपडला. हॉबर्टनं पावानं ताट पुसून खाल्लं.

"आक्का, माथ्यावर बी असला गोड झाला न्हवता."

"थंडी खाल्लीया त्यानं," वन्सं म्हनाल्या. डोळं पुसलं आन् मला आनीक वाढलं.

उन्हाळ्यात एक दिस सांजचं पडवीत बसलो व्हतो. मांडीवर बियाचा डबा घिऊन वन्संनी इचारलं, "इडा, हितला रातकिडा वरडला का गं?"

"परवाच वरडला. तुमी झोपला व्हता."

"मग उठवायचं न्हाई व्हय मला?" वन्सं कडाडल्या. "परवापास्नं तीन म्हयनं धर. औंदा आपल्याला उशीर नगं."