चोवीस तास आधी

सरकारी रुग्णालयात चाळीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे, अगदी नवरासुद्धा, मेट्रनच म्हणायचे. लेकीचं बाळंतपण आठवड्यावर आलं, म्हणून नवऱ्याला घेऊन ती परदेशी निघाली. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. वाटेत एका विमानतळावर तीन तास थांबून दुसरं विमान पकडायचं होतं. पण निघायच्या आदल्या दुपारी विमान कंपनीचा मेसेज आला: पुढचं विमान रद्द, आता तिथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन तासांचे बावीस झाले. ‘राहण्याची सोय नियमानुसार होईल,’ असंही त्यात लिहिलं होतं.

सकाळी उतरल्याबरोबर ती कंपनीच्या काउंटरवर गेली. निळा स्कार्फ बांधलेल्या मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं.

“हॉटेल मिळणार नाही, मॅडम. प्रवासाला निघायच्या चोवीस तास आधी विनंती करावी लागते.”

“अहो, विमान रद्द झाल्याचं तुम्ही कळवलंत तेव्हा निघायला पंधराच तास उरले होते!”

“हो, पण नियम चोवीसचा आहे.”

“मग मला काय आधी स्वप्न पडायला हवं होतं?”

मुलगी कसंनुसं हसली.

मागे नवरा खुर्चीवर बसला होता. पाय सुजून टम्म झालेला. खुर्च्यांच्या मधे लोखंडी दांडे, आडवं व्हायचीही सोय नाही.

“जाऊ दे गं, काढू कसातरी दिवस,” तो म्हणाला.

त्या ‘जाऊ दे’ने तिचं डोकं आणखीच फिरलं. पर्समधून वही-पेन काढून ती परत काउंटरवर गेली.

“आत्ता म्हणालात ते इथे लिहून द्या. खाली सही करा.”

“ते मला नाही देता येणार.”

“का? नियम आहे ना? मग सही करायला कसली भीती?”

मागे रांगेत उभा असलेला, त्याच विमानाने कामावर निघालेला एक वेल्डर पुढे सरकला. “मलाही हेच सांगितलं. मलाही लेखी द्या.” कडेवर तान्हं बाळ घेतलेली एक बाईही त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. मग आणखी कोणी कोणी.

आतून साहेब आला. मेट्रनला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, “काकांचं मेडिकल म्हणून तुम्हा दोघांना खोली देतो. फक्त गाजावाजा नको.”

तिने नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं, मग त्या तान्ह्या बाळाकडे.

“यांना आत्ताच पाठवा, व्हीलचेअरवरून. मी इथेच थांबते. या सगळ्यांचं झालं की जाईन.”

साहेबाने फोनवर फोन केले. दुपार होईपर्यंत चौदाच्या चौदा जणांच्या हातात हॉटेलची चिठ्ठी पडली.

मेट्रनने आपली चिठ्ठी वाचली. वर छापलं होतं: ‘कंपनीच्या सौजन्याने’.

“सौजन्य?” ती मुलीला म्हणाली. “पाच तास माणसं उभी करून?”

“मॅडम, आम्हाला रोज हेच सांगायला लावतात,” मुलगी खालमानेने म्हणाली.

“मग एखाद्या दिवशी वरच्यांना सांग की!”



हॉटेलात नवरा दोन उशांवर पाय ठेवून गाढ झोपला होता. मेट्रनने तोंड धुतलं, खुर्ची टेबलाशी ओढली आणि तक्रार लिहायला घेतली. पहिलंच वाक्य तिने इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. तिने दुसरा घेतला.