निळा कॅन आणि धाकटी जाऊ

धाकट्या जावेने एकदा सांगितलं आणि आमच्या ह्यांनी ऐकलं. तेच मी वर्षानुवर्षं सांगत होते. सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला, पण हे आपले ढिम्म.

घरामागे आमची शेड आहे, दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी. तिथे आम्ही जुन्या गाड्या धुऊन, घासून, चकचकीत करून देतो. बाहेरचा पत्रा आणि चाकं ह्यांच्याकडे. सीटा, काचा आणि काचांखालच्या धातूच्या पट्ट्या माझ्याकडे. चाकांवर ब्रेकची काळी भुकटी बसते, ती काढायला हे निळ्या कॅनमधलं अ‍ॅसिड वापरायचे. झाकण उघडलं की शेडच्या दुसऱ्या टोकाला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. हे तोंडाला रुमाल बांधून बसायचे आणि खोकायचे. बोलता बोलता असे खोकायचे की वाक्य राहायचं अर्धवट आणि विषय जायचा विसरून. मी म्हणायचे, "अहो, फेका तो कॅन." हे म्हणायचे, "मग चाकं काय तुझ्या बोलण्याने साफ करू?" मी फार बोलते, हे मला मान्य आहे. पण चाकं साफ होतील इतकं माझं बोलणं जहाल नाही.

मग ह्यांच्या धाकट्या भावाची बदली झाली आणि तो बायकोला घेऊन आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आला. धाकटी आधी एका मोठ्या इस्पितळात होती. फरशीपासून खाटांपर्यंत कशाला कुठलं औषध लावून पुसायचं, ते निवडण्याचं तिचं काम. एके दिवशी ती शेडमध्ये आली, निळा कॅन उचलला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागली. आमच्या घरात कुणी कॅनची मागची बाजू वाचल्याचं मला आठवत नाही.

"दादा, हे श्वासाबरोबर आत जातं," ती म्हणाली. "याच्यापेक्षा कमी त्रासाचं काहीतरी बघूया का?"

"बघ की," हे म्हणाले.

बघ की! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर शेडमध्ये बाटल्यांची रीघ लागली. धाकटीजवळ कागदाच्या छोट्या पट्ट्या होत्या. त्या बुडवल्या की रंग बदलायचा आणि बाटलीतलं पाणी आंबट आहे की खारं, की दोन्ही नाही, ते कळायचं. आधी हाताला आणि छातीला काय होईल ते बघायचं, मग धातूला, आणि धुतलेलं पाणी शेवटी कुठे जातं तेही विचारायचं, असा तिचा शिरस्ता. पास झालेली बाटलीसुद्धा थेट गाडीवर नाही. आधी जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागी एक थेंब लावायचा आणि चहा पिऊन होईपर्यंत थांबायचं. हे दोघं उलट्या ठेवलेल्या क्रेटवर शेजारी शेजारी बसून चहा पीत एका चाकाकडे टक लावून बघायचे. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे. मी गाडीच्या आत सीट घासत काचेतून बघायचे आणि सीटचा जीव काढायचे.

तसला संशय नव्हता हं मला. धाकटी सरळ पोर आहे आणि हे तर अगदीच देवमाणूस. मला जळायला व्हायचं ते ह्यांच्या मान डोलावण्यावरून. ती बोलायची आणि हे मान डोलवायचे. माझ्या वाट्याला ती मान कधी आली नव्हती.

चाकांसाठी शेवटी एक साबण पसंत पडला, ना आंबट ना खारा. त्याला मऊ ब्रश हवा आणि सबुरी हवी. हे रुमालाशिवाय काम करायला लागले. चिकट डागांसाठी धाकटीने आणखी एक बाटली आणली, लिंबाच्या अर्काची, वर पानाचं चित्र. वास छान होता. तो छान होता याचाही मला राग आला.

निळा कॅन मात्र अजून फळीवर होताच. ह्यांनी जाहीर केलं होतं, "मास्तरांच्या गाडीवर जमलं तर तो कायमचा बंद. नाही जमलं तर मग आपलं जुनंच बरं." मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, आमचं जुनं गिऱ्हाईक. स्वतःच्या गाडीची तपासणी ते उत्तरपत्रिकेसारखी करायचे, चष्मा पुसून.

मास्तरांची गाडी आली ती झाडाखाली उभी राहून आलेली. टपावर, काचांखालच्या पट्ट्यांवर चिकाचे थेंब. शेडमध्ये आधीच एक गाडी होती, म्हणून ही अर्धी बाहेर, उन्हात. धाकटीने लिंबाच्या बाटलीतला थेंब बंपरच्या खालच्या बाजूला लावला, चहा होईपर्यंत थांबली, पुसून बघितलं. बंपर लख्ख. मग तिने त्याच बाटलीतला फवारा काचेखालच्या पट्टीवर मारला.

मी दाराशी फडकं घेऊन उभी होते. बंपर होता पोलादाचा, वर क्रोमचा मुलामा. पट्टी होती अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिच्यावरचा संरक्षक थर माझ्याच हातांनी घासून घासून कधीचा गेला होता. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आंबट लावलं आणि ते उन्हात वाळलं की पांढरा डाग पडतो. मागे एकदा तसला डाग काढताना माझा खांदा भरून आला होता. धाकटीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. इस्पितळातल्या खाटांना उन्हाचा प्रश्न नसतो.

मी गप्प राहिले. पडू दे डाग, मनात आलं. मास्तर चष्मा पुसतील, धाकटीचा चेहरा पडेल, आणि हे माझ्याकडे बघून म्हणतील, तुला विचारायला हवं होतं. मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं आणि फार गोड वाटलं. पट्टीवरचा ओलावा कडेने वाळायला लागला होता.

तेवढ्यात मागच्या चाकापाशी ह्यांनी शीळ घातली. हळूच, अर्धीमुर्धी. लग्नानंतरच्या दिवसांत घालायचे, मग कॅन आला आणि शीळ गेली. ही शीळ धाकटीच्या साबणाने परत आणली होती, म्हणून मला ती ऐकवेना. आणि ती पुन्हा बंद पडली असती तर तेही मला सोसलं नसतं.

मी पाण्याचा पाइप उचलला आणि पट्टीवर धार सोडली. धाकटी निम्मी भिजली.

"अगं, काय चाललंय काय?" हे ओरडले. "पोटात दुखतंय का तुझ्या?"

"हो, दुखतंय," मी म्हणाले. "पण ही पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे. वाळलं असतं तर डाग बसला असता."

धाकटीने वाकून बघितलं. एका जागी चमक किंचित मेली होती. "मी बंपरवर बघितलं होतं, ताई," ती म्हणाली. "पट्टीवर बघायचं सुचलंच नाही."

"दोन्ही चकाकतात म्हणून एक नसतात."

तिने बाटली बाजूला ठेवली. आम्ही तिघांनी गाडी सावलीत ढकलली. मेलेली चमक मी पॉलिशने परत आणली. मग पट्टीच्या दाराआड झाकलेल्या टोकाला तोच चाकांचा साबण लावून बघितला, आणि यावेळी क्रेटवर चहा प्यायला मीही बसले. टोक जसंच्या तसं राहिलं. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवून ठेवून चीक सुटला. वेळ लागला, पण सुटला.

मास्तरांनी चष्मा पुसून गाडीभोवती फेरी मारली. "यंदा वास नाही आला गाडीला," म्हणाले आणि खूश होऊन गेले.

"सगळं श्रेय धाकटीचं," हे म्हणाले. धाकटी म्हणाली, "ताई नसत्या तर..." पण हे कॅन फळीवरून काढायला गेलेसुद्धा. तो गटारात ओतायचा नाही, असली रसायनं जमा करतात तिथेच द्यायचा, हेही धाकटीने बजावलं आणि ह्यांनी मान डोलावली.

आम्ही दोघी फडकी वाळत घालत होतो. धाकटी हळूच म्हणाली, "ताई, माझं कौतुक उगाच होतंय. मी आपणहून कुठे आले होते? दादांनीच बोलावलं. म्हणाले, जिना चढताना मध्येच थांबावं लागतं, हिला सांगू नकोस, पण काही करता येतं का बघ."

ज्या माणसाचा खोकला मी भिंतीपलीकडून ओळखते, त्याने ही गोष्ट तिला सांगितली होती. इतकी जळले मी, की तिच्याकडे बघवेना.

हे स्वयंपाकघरात हात धूत होते.

"जिन्यात थांबावं लागतं तुम्हाला?"

ह्यांनी नळ बंद केला. "सांगितलं वाटतं तिने."

"तिला का सांगितलंत? मला का नाही?"

"तू रडली असतीस."

"रडले असते. मग?"

"मग तुझी समजूत काढावी लागली असती. तेवढं बळ नव्हतं अंगात."

मी खुंटीवरचा पंचा ओढून त्यांच्या हातात दिला. मी म्हणाले, "यापुढे आधी मला सांगायचं. मी रडेन. समजूत काढू नका."

ह्यांनी हात पुसले. बोटं एकेक करून पुसली. "मग ऐक," म्हणाले. "अजूनही थांबावं लागतं. कॅन उघडायचा सोडला, खोकला कमी झाला, पण जिन्यात आता पूर्वीपेक्षा खालच्या पायरीवरच थांबतो."

"धाकटीला माहीत आहे हे?"

"नाही. कुणालाच नाही."

आधी मला बरं वाटलं. तिला माहीत नव्हतं आणि मला होतं, म्हणून. मग ते काय म्हणाले ते पोचलं, आणि मी खुर्ची ओढून बसले. हे शेजारी येऊन उभे राहिले. मी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्यांनी समजूत काढली नाही.