नऊ क्लबांनी सोडलेलं स्थळ

बुद्धरत्न सुरवाडे व्यावसायिक फुटबॉल खेळला आणि इंटरनेटवर तो आजही दिसतो. फक्त त्याला शोधायचं तर दुसऱ्याच्या नावानं शोधावं लागतं. कुठल्याशा ब्राझिलियन पाहुण्यानं मारलेला अप्रतिम गोल उघडला की पाहुणा दिसतो, चेंडू दिसतो आणि मागे गवतावर बसलेला एक माणूस दिसतो. तो बुद्धरत्न. बचावपटूचं असंच असतं. त्यानं जे हल्ले अडवले त्यांचे व्हिडिओ कुणी टाकत नाही, कारण त्यांत काही घडत नाही.

पंधरा वर्षांत नऊ क्लब. गोवा, शिलाँग, केरळ, कोलकात्यात दोन, बाकीचे आता त्यांच्या मालकांनाही आठवत नाहीत. करार नेहमी एका वर्षाचा, दुसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर. ती मर्जी नऊच्या नऊ वेळा झाली नाही. मधली वर्षं महूला आईच्या घरी फोनची वाट बघण्यात गेली. वर्तमानपत्रं त्याला 'अनुभवी' म्हणायची. फुटबॉलमध्ये हा शब्द ज्याच्याबद्दल दुसरं काही सुचत नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे.

आता तो चौतिशीत होता, फोन यायचा बंद झाला होता आणि त्याला इंदूरची धम्मदीना आवडली होती. ती एका विमा कंपनीत क्लेम तपासायची. दोघं दोनदा फोनवर बोलले, दुसऱ्यांदा बराच वेळ. तेव्हापासून बुद्धरत्नला प्रथमच वाटायला लागलं होतं, की एखाद्या ठिकाणी दुसरं वर्षही काढून बघावं.

अडचण तिच्या वडिलांची होती. तात्याराव पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत निवृत्त झाले. नोकरीभर एकच टेबल. मालक बदलले, माल बदलला, तात्याराव हलले नाहीत. याला ते चारित्र्य म्हणत.

आणि दुसरी अडचण डाव्या गुडघ्याची होती. सीझनच्या मध्यात बहुतेक क्लबांना जी गोष्ट कळायची, ती हीच. क्लबच्या मेडिकल तपासणीआधी इंजेक्शन टोचून घेतलं की गुडघा तेवढ्यापुरता तरुण व्हायचा.

महूहून येताना रिक्षात आईनं, म्हणजे चंपाबाईंनी, विचारलं, "इंजेक्शन घेतलंस का?"

"डॉक्टर नाही म्हणाला. म्हणाला, टोचायला आत काही उरलेलं नाही."

"मग वाकू नकोस. उकिडवा बसू नकोस. गुडघ्याचं नाव काढू नकोस."

"आई, पोहे खायला चाललोय. मेडिकल थोडीच आहे?"

"मेडिकलच समज."

तात्यारावांच्या घरी जय भीम झालं, पाणी झालं आणि बुद्धरत्न सोफ्याकडे वळणार तोच तात्याराव म्हणाले, "आधी वंदना. पोहे बाद में."

बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो यांच्यासमोर सतरंजी अंथरलेली होती. सगळे गुडघे टेकून, हात जोडून बसले. बुद्धरत्नही बसला. पंचशीलातली पहिली तीन शीलं त्याच्याकडून सुखरूप पार पडली. चौथं खोटं न बोलण्याचं. तो 'मुसावादा वेरमणी' म्हणाला आणि नेमका तिथे डावा गुडघा वाजला. सुका पापड मोडावा तसा. तात्यारावांनी डोळे न उघडता पाचवं शील घेतलं.

वंदना संपली. सगळे उठले. बुद्धरत्न उठला नाही.

"बसू द्या," तात्याराव हलक्या आवाजात म्हणाले. "श्रद्धा आहे मुलाची."

"लहानपणापासून असाच आहे," चंपाबाई म्हणाल्या.

बरीच श्रद्धा दाखवून झाल्यावर बुद्धरत्ननं टीव्हीच्या टेबलाचा आधार घेतला आणि कसाबसा सोफ्यापर्यंत पोहोचला. तात्याराव त्याच्या समोर खुर्ची ओढून बसले.

"सध्या क्या चल रहा है?"

"महूला एका शाळेत मुलांना शिकवतो."

"ते ठीक. पण नऊ क्लब. मतलब, प्रॉब्लेम काय आहे? भांडता का?"

"नाही."

"दारू?"

"आत्ता तुमच्यासमोर शील घेतलं त्यानं," चंपाबाई म्हणाल्या.

"शील मीही घेतलंय, ताई, म्हणूनच विचारतोय. एकानेही दुसऱ्या वर्षी ठेवला नाही, असं कसं? उद्या हे उठून दहाव्या क्लबला गेले तर माझी पोरगी काय करणार? मोबाईलवर स्कोअर बघणार?"

बुद्धरत्नकडे याचं उत्तर तयार होतं. दोन क्लब बंद पडले, एका मालकानं क्रिकेटची टीम घेतली, एक प्रशिक्षक देश सोडून गेला. हे सगळं खरंही होतं. पण चौथं शील घेऊन पोहेसुद्धा आले नव्हते, त्यामुळे त्याची जीभ जरा अडली. तेवढ्यात पोहे आले. बशी धम्मदीनाच्या हातात होती आणि तिनं ती दिली नाही.

"पप्पा, एक मिनिट. गुडघा प्री-एक्झिस्टिंग आहे का? म्हणजे आधीपासूनचा?" तिनं बुद्धरत्नला विचारलं.

"कुठला गुडघा?" चंपाबाईंनी विचारलं.

"वंदनेत वाजला तो, काकू. माझ्याकडे रोज येतात असे. लंगडत येतात आणि म्हणतात, मॅडम, कालपर्यंत एकदम फर्स्ट क्लास होतं."

बुद्धरत्ननं आईकडे पाहिलं. आई पोह्यांवरच्या शेवेकडे पाहत होती.

"आहे," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"शिलाँगपासून."

"तो कितवा क्लब?"

"दुसरा."

तात्यारावांनी स्टोअरकीपरच्या सवयीनं वजाबाकी केली. "म्हणजे सात क्लबांना फसवलंत?"

"ते पण म्हणाले होते, तीन वर्षं ठेवू."

तात्याराव विचार करत होते.

"अब कोई क्लब लेगा नहीं?"

"नाही."

"गोवा वगैरे? केरळ?"

"काका, मी जिना उतरताना कठडा धरतो."

तात्यारावांचा चेहरा हळूहळू उजळला. "अरे भिया, हे आधी सांगायचं ना. मला वाटलं, मुलगा एका जागी टिकत नाही. हा तर हलूच शकत नाही."

"तेच म्हणते मी," चंपाबाई लगेच सावरल्या. "बाजारातसुद्धा जायचं नाव काढत नाही. दिवस दिवस खुर्चीत असतो."

"वा," तात्याराव म्हणाले. आपल्यासारखा माणूस घरात येणार, हे समाधान त्यांना लपवता येईना.

"पप्पांचं झालं," धम्मदीना म्हणाली. "माझं नाही. डाव्याचं समजलं. उजवा?"

"उजवा चांगला आहे."

ती बशी धरून नुसती उभी राहिली. समोरचा खेळाडू चेंडू पायाशी घेऊन असा थांबला की आपण हलायचं नसतं, जो आधी हलतो तो फसतो. आयुष्यभर बुद्धरत्न दुसरं काही शिकला नव्हता. तो थांबला. तीही थांबली. तो आधी हलला.

"थंडीत थोडा," तो म्हणाला.

"कंबर?"

"कंबर पण."

तिनं बशी त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसली. "आता सगळं सांगा. जे आहे ते आजच. लग्नानंतर नवीन काही निघालं तर क्लेम मंजूर होणार नाही."

लग्न हा शब्द ऐकून चंपाबाईंनी सोफ्यावर पाठ टेकली. बुद्धरत्ननं गोव्याच्या घोट्यापासून सुरुवात केली. तात्याराव केरळपर्यंत जागे होते.