अक्षरं जरा वर

माझी धाकटी नात मान वाकडी करून व्हिडिओ बघते, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, तिची मान अवघडली असेल. ती लॅपटॉपपुढे बसायची, थोडा वेळ सरळ बघायची आणि मग एकदम हनुवटी टेबलाला टेकवून, डोळे वर करून पडद्याच्या खालच्या कडेतून आत डोकवायची. खिडकीचा पडदा खालून उचलून बाहेर बघावं, तसं.

"आजोबा, ती आईचे हात शोधतेय," मोठी नात म्हणाली.

धाकटीला आम्ही चिमणी म्हणतो. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती आणि तिची आई हातांच्या खुणांनी बोलतात. तिची आई म्हणजे माझी लेक. समुद्राचा तळ मोजणाऱ्या एका जहाजावर ती इंजिनियर आहे. जहाज आठवडेच्या आठवडे पाण्यात असतं, तिथून फोन लागत नाही. बंदराला लागलं की ती चिमणीसाठी तयार करून ठेवलेले छोटे छोटे व्हिडिओ पाठवते. आज मोठा मासा दिसला, आज लाटांनी माझी कपबशी पळवली, असं काहीबाही हातांनी सांगते. शेवटी दरवेळी छातीजवळ अंगठा आणि बोट चोचीसारखं उघडमीट करते. ती चिमणीची खूण, म्हणजे तिचं नाव. आमच्याच घरात तयार झालेली.

त्या व्हिडिओंना अक्षरं लावायचं काम माझं. माझं सगळं आयुष्य पहिलीच्या वर्गात गेलं. मुलांना अक्षरं शिकवणं सोडून मला दुसरं काही येत नाही आणि यावं असं कधी वाटलंही नाही. चिमणी पुढच्या वर्षी शाळेत जाणार. तिला वाचता आलं तर शाळा तिच्याशी बोलू शकेल, नाहीतर ती वर्गात नुसती बसून राहील. म्हणून मी ठरवलं, आईनं हातांनी 'होडी' म्हटलं की पडद्यावर 'होडी' असं उमटलं पाहिजे. अक्षरं मोठी, ठळक, काळ्या पट्टीवर पिवळी. मागच्या बाकावरूनही दिसतील अशी.

आणि तिथंच घोळ झाला. लेकीची केबिन एवढीशी. ती कॅमेऱ्याला चिकटून बसते, त्यामुळे तिचे हात चौकटीच्या अगदी खाली येतात. नेमके माझ्या पट्टीमागे.

"मग ती अक्षरं बंद करा ना," जावई म्हणाले. ते बस चालवतात. सकाळी डबा भरता भरता बोलत होते.

"बंद केली की हात दिसतात, पण वाचन थांबतं," मी म्हटलं. "चालू केली की वाचन होतं, पण आई जाते."

"अक्षरं बारीक करा."

"बारीक केली की तिला वाचता येत नाहीत हो. मलाही येत नाहीत."

जावयांनी डब्याचं झाकण लावलं आणि ते कामाला निघाले. मी पट्टी तशीच ठेवली. होईल सवय, असं मला वाटलं.

एका दुपारी चिमणीनं व्हिडिओ मध्येच थांबवला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली घेतलं. रागानं नव्हे. जेवण झाल्यावर ताट बाजूला सारतात तसं. मग मोठीकडे वळून तिनं काहीतरी खूण केली. मला अजून सगळ्या खुणा कळत नाहीत. मी विचारलं, काय म्हणाली?

"म्हणाली, आई हात लपवते. तिला माझ्याशी बोलायचं नाही."

त्यानंतर चिमणी लॅपटॉपकडे फिरकेना. मी अक्षरं बंद करून दाखवली, तरी नाही. आणि त्याच आठवड्यात जहाज बंदराला लागलं, लेकीचा निरोप आला: नवीन व्हिडिओ टाकलेत. चिमणी बघते ना?

मी उत्तर लिहायला घेतलं आणि फोन तसाच ठेवून दिला.

आमचे व्हिडिओ राहतात ते गावच्या वाचनालयाच्या व्हिडिओ साइटवर. मी मोठीला घेऊन ग्रंथपालांकडे गेलो. हा उंचापुरा माणूस, बोलताना चष्मा कपाळावर चढवतो आणि मग तो शोधत फिरतो.

"गुरुजी, या. कुठलं पुस्तक?"

"पुस्तक नको. तक्रार आहे. तुमच्या साइटवरची अक्षरं खालीच का येतात? वर का जात नाहीत? तिच्या मालकाचा पत्ता द्या, मी त्याला लिहितो."

"मालकच नाही तर पत्ता कुणाचा देऊ?" ते हसले. "ही ओपन सोर्स आहे. म्हणजे तिचा सगळा कोड उघडा ठेवलाय, कुणीही वाचावा. जगभरातले लोक सवडीनं ती बांधतात, आमच्यासारखी वाचनालयं फुकट वापरतात. काही मोडलं तर ज्याला दिसलं त्यानं सांगायचं, आणि येत असेल तर दुरुस्त करून द्यायचं."

"आणि दुरुस्तीच्या नावाखाली कुणी भलतंच करून ठेवलं तर?"

"तसं थेट कुणाला हात लावता येत नाही. आपली वेगळी प्रत घ्यायची, तिच्यात बदल करायचा, आणि मग विचारायचं, हा बदल घेता का? सांभाळणारे लोक असतात, ते तपासतात. पसंत पडला तर मूळ कोडात घेतात. म्हणजे वही तपासण्यासारखंच की, गुरुजी."

वही तपासणं म्हटल्यावर मला धीर आला. मोठी आठवीत आहे आणि याच वाचनालयात सुट्टीच्या वर्गाला कोड लिहायला शिकली आहे. ती केव्हाच खुर्ची ओढून बसली होती.

"आधी बघ, हे कुणी आधीच मागितलंय का," ग्रंथपाल म्हणाले. "एकच गोष्ट दोघांनी मागितली की सांभाळणाऱ्यांचं डोकं उठतं."

तिनं शोधलं आणि खरंच, एका पेटी शिकवणाऱ्या बाईंनी बऱ्याच दिवसांपूर्वी लिहिलं होतं की सबटायटलमुळे त्यांची बोटं झाकली जातात, विद्यार्थ्यांना सूर दिसत नाहीत. खाली सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर होतं: कल्पना चांगली आहे, कुणी हे काम घेईल का? त्याखाली कुणीच काही लिहिलं नव्हतं.

मोठीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं लिहिलं: आम्ही घेतो.

"आम्ही?" ग्रंथपाल म्हणाले. "वा! राजेसाहेब!"

"मी आणि आजोबा," मोठी फणकारली.

मग आमची रोजची शाळा भरू लागली. या वेळी शिकवणारी ती होती आणि बाकावर मी. तिनं साइटच्या सगळ्या कोडाची प्रत उतरवून घेतली. हजारो फायली. आपल्याला हवी ती जागा कशी सापडणार, असं मी विचारलं. "आजोबा, सगळं पुस्तक वाचायचं नसतं. शब्द शोधायचा," ती म्हणाली. हे वाक्य मी कितीतरी मुलांना ऐकवलं होतं, आज उलट्या दिशेनं आलं.

जागा सापडली. अक्षरं खालून किती अंतरावर ठेवायची, ते एका ओळीत लिहिलेलं होतं. मोठीनं तिथला आकडा बदलला, आमच्या प्रतीत लेकीचा व्हिडिओ लावला, आणि अक्षरं थेट तिच्या नाकाखाली जाऊन बसली. काळी पट्टी, बरोबर मिशीच्या जागी.

चिमणी दारात उभी होती, बघायचं नाही असं दाखवत. आईला मिशी फुटलेली पाहून ती खुदकन हसली. लगेच तोंड फिरवून निघून गेली, पण हसली होती.

दोन-चार दिवसांत खटपट जमली. सेटिंगमध्ये एक नवा पर्याय आला: अक्षरं खाली की वर. वर निवडलं की पट्टी लेकीच्या केसांवर जाऊन बसे आणि हात मोकळे. मी खूश होऊन तो सगळा कोड वरपासून खालपर्यंत नीट पाहिला. अर्थ कळत नव्हता, पण टापटीप कळत होती. कुठे ओळी दोन घरं आत, कुठे चार, कुठे समास सोडलाय, कुठे नाही.

"अगं, हे काय? असं लिहिलेलं मी वर्गात कधी खपवून घेतलं नसतं. दुसऱ्याच्या घरी गेलो म्हणून काय झालं, केर दिसला तर काढायचा."

"काढू?" तिचेही डोळे चमकले. माझीच नात.

आम्ही दोघांनी मिळून सगळी फाइल सरळ केली. समास आखल्यासारखा. मग मोठीनं बदल घ्यायची विनंती पाठवली आणि आम्ही उत्तराची वाट पाहत बसलो.

सांभाळणाऱ्या बाईंचं उत्तर आलं ते असं: "तुम्ही हे काम हातात घेतलंत, आनंद वाटला. पण मला इथे जवळजवळ सगळी फाइल बदललेली दिसते आहे. यातला तुमचा बदल नेमका कोणता? मी ही तपासणी नोकरीच्या मधल्या सुट्टीत करते, एवढं सगळं वाचून होणार नाही. कृपया फक्त अक्षरांचा बदल पाठवाल का? समास सरळ करायचे असतील तर त्यासाठी वेगळी विनंती करा. आणि एक सांगा, तुम्हाला हे कशासाठी हवं आहे?"

मोठी उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती नळ सोडून नुसती उभी होती.

"नापास केलं त्यांनी."

"छे गं. नापास करणारा प्रश्न विचारत नाही."

"मग?"

"तू निबंध लिहिलास आणि मी त्यात सगळीकडे लाल रेघा मारल्या, तर तुझी खरी चूक कुठली, ते तुला कळेल?"

"नाही."

"आपण त्यांच्या वहीत तेच केलं. समजा, त्या रेघांखाली आपल्याकडून काही मोडलं असतं, तर त्यांना कुठे दिसलं असतं? आपण केर काढायला गेलो आणि दारातच ढीग करून ठेवला."

तिनं नळ बंद केला. "केर काढायचा हे तुम्हीच म्हणालात."

"हो. मीच म्हणालो."

"मग आता चहा तुम्हीच करा."

मी चहा केला. तिनं नवी प्रत घेतली आणि या वेळी फक्त तेवढ्याच ओळी बदलल्या. बाकीचे वाकडे समास डोळ्यांना टोचत होते, पण मी चष्मा काढून ठेवला. उरला बाईंचा शेवटचा प्रश्न. मोठीनं दोन-तीनदा लिहून खोडलं.

"चिमणी कशी बघते ते दाखवू का त्यांना? तोंड नाही, नुसती पाठ."

आम्ही जावयांना विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं. पूर्वी कधीतरी मी गंमत म्हणून काढलेला एक छोटा तुकडा फोनमध्ये होता: मागून दिसणाऱ्या दोन वेण्या, टेबलाला टेकलेली हनुवटी, आणि पडद्यावर काळ्या पट्टीवरून अर्धवट डोकावणारी आईची बोटं. मोठीनं तो जोडला आणि खाली एवढंच लिहिलं: माझी बहीण आईचे हात शोधते आहे.

या वेळी उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. "आता समजलं. मी हे तपासलं, छान चालतं आहे. दोनच गोष्टी. पट्टी वर गेली की व्हिडिओच्या नावावर चढते, ती थोडी खाली घ्या. आणि ही निवड साइटनं लक्षात ठेवली पाहिजे, एवढ्या लहान मुलीला दरवेळी सेटिंगमध्ये जायला लावू नका."

"बघ," मी म्हटलं, "याला म्हणतात वही तपासणं."

त्या दोन गोष्टी झाल्या आणि आमचा बदल मूळ कोडात घेतला गेला. पेटीवाल्या बाईंनी खाली एक हसरा चेहरा टाकला. थोड्या दिवसांनी साइटची नवी आवृत्ती आली. ग्रंथपालांनी ती वाचनालयात चढवली आणि फोन केला, "गुरुजी, अक्षरं वर गेली. माझा चष्मा मात्र सापडत नाहीये."

"कपाळावर बघा," मी म्हटलं.

आता चिमणीला बोलावायचं कसं, हा प्रश्न होता. बोलावलं असतं तर ती आली नसती. मोठीनं सरळ लॅपटॉप उघडून लेकीचा नवा व्हिडिओ लावला आणि एकटीच बघत बसली. मी शेजारी पेपर धरून बसलो. वाचत नव्हतो.

थोड्या वेळानं चिमणी आली. टेबलाशी उभी राहिली आणि सवयीनं हनुवटी खाली टेकवली. मग तशीच थबकली. हळूहळू सरळ झाली. पट्टी वर होती आणि खाली आईचे दोन्ही हात, मनगटापर्यंत, सगळी बोटं. आई सांगत होती की जहाजावर एक पक्षी येऊन बसला, आणि तो तिच्या पावातला तुकडा घेऊन गेला. चिमणीचे हात तिच्याही नकळत आईच्या हातांसारखे हलायला लागले.

व्हिडिओ संपत आला. लेकीनं छातीजवळ अंगठा आणि बोट चोचीसारखं उघडमीट केलं. त्याच वेळी वर माझी मोठी पिवळी अक्षरं उमटली: चिमणी.

चिमणीनं वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. व्हिडिओ थांबवायला तिनं स्वतःच बटण दाबलं. खुर्चीवर चढली, त्या शब्दावर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे वळून स्वतःच्या छातीजवळ चोच उघडमीट केली. भुवया वर. प्रश्न होता तो. ही मी?

मी मान डोलावली. मग ते पुरेसं वाटेना म्हणून पेपर खाली टाकला आणि माझ्या जाड बोटांनी तीच खूण केली. ही तू.

तिनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग आणखी एकदा, आणि आणखी एकदा.

"आजोबा," मोठी हळूच म्हणाली, "आता समासांची वेगळी विनंती पाठवू या?"

"पाठवू. आधी मला एक उत्तर लिहायचंय."

मी फोन घेतला. लेकीचा प्रश्न अजून तसाच होता. चिमणी बघते ना? त्याखाली मी लिहिलं: बघते. चौथ्यांदा लावलाय. आणि तुझ्या चिमणीला आज तिचं नाव वाचता आलं.