इंजिनाची धुकट काच

एक होतं दोन खोल्यांचं घर. घरात एक सासरे, एक सून, आणि खिडकीपाशी टेबलावर, चहाच्या रिकाम्या डब्यात उभा असलेला मी. मी रुपेरी रंगाचा मार्कर बोलतोय. करंगळीएवढी जाडी, पोटात रंग, रंगात एक छोटी गोळी. हलवलं की खुळखुळतो. कारखान्यात ती गोळी पोटात पडली, तेव्हाच मला कंठ फुटला म्हणा ना!

मला वाटायचं, आपला जन्म डब्या-बरण्यांवर नावं लिहिण्यात जायचा. पण नशिबी आलं वाफेचं इंजिन. खरं नव्हे हो, प्लास्टिकचं, वीतभर लांब.

त्याचं असं झालं. नवरा आजारपणात गेल्यापासून ही सून शिवणाच्या कारखान्यात राबून घर चालवायची. तो कारखानाच बंद पडला. नणंद म्हणाली, "वहिनी, तू आता तुझ्या एकटीचं बघ. बाबांना मी रविवारी घेऊन जाते." सासऱ्यांनी मान डोलावली, पण त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. सुनेला तरी त्यांच्यावाचून कोण होतं?

तेवढ्यात छोट्या गाड्या-इंजिनांच्या मॉडेलच्या दुकानाच्या मालकिणीने पाटी लावली: कपाटात मांडायची मॉडेलं रंगवायला माणूस हवं. सून तिथे गेली. मालकिणीने एक जोडलेलं काळं इंजिन तिच्या हातात ठेवलं, सोबत त्याचं खोकं आणि मला दिलं. "शनिवारपर्यंत यावरचं बारीक काम करून आणा. हात बघते, मग ठरवते."

अहो, तो हात! आयुष्यभर काजं केलेला. मला आधी हलवायची, टोक कागदावर दाबून जास्तीचा रंग टिपायची, मग श्वास रोखून ठिपका. इंजिनाच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढे खिळे होते, तेही एक-दोन नव्हे. एकाचाही रंग शेजारी ओघळला नाही. माझं टोक एवढं हलकं टेकू शकतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

सासरे शेजारी बसायचे. तीस वर्षं खरं इंजिन चालवलेला माणूस. डोळे अधू झालेले, आठवण मात्र लखलखीत. सून धरून चढायच्या दांडीला इकडून तिकडे रंग द्यायला निघाली, तशी त्यांनी हाताने थांबवलं.

"सगळी दांडी चमकवतेस? लग्नाला निघालंय का इंजिन?"

"खोक्यावर तसंच चित्र आहे, बाबा."

"खोकं कधी चढलं होतं इंजिनावर? हात पडतो इथे. एवढीच जागा झिजते. आणि पायरी झिजते ती उजव्या कोपऱ्याला."

त्यांनी नखाने जागा दाखवली, सुनेने मला तिथेच टेकवलं. आणि काय सांगू, त्या वीतभर प्लास्टिकवर माणसं चढू-उतरू लागली! रंग माझा होता, पण झीज त्यांच्या तळहातातून आली होती. मी आपला थक्क.

मग शुक्रवारी दुपारी घात झाला. सुनेने टोपण काढून मला घाईने हलवलं, आणि एक थेंब उडून थेट ड्रायव्हरच्या खिडकीच्या काचेवर.

"थांब, हात लावू नकोस!" म्हणत सासऱ्यांनी मोरीतून थिनरची बाटली आणली. जन्मभर त्यांनी रंगाचे डाग तसेच पुसले होते. बोळा फिरवला. डाग गेला, पण काचही गेली. लोखंडाला थिनर चालतं, प्लास्टिकला कुठलं चालायला? काच मोतीबिंदू झाल्यासारखी पांढरी पडली.

सासऱ्यांनी बोळा टाकून दिला. "माझ्याच हातानं घालवलं गं. जातो मी लेकीकडे."

"जायची भारी घाई झालीय तुम्हाला!" सून खेकसली. डोळे भरले होते तिचे. "रडायला रविवार आहे. आधी सांगा, खऱ्या इंजिनाची काच नेहमी स्वच्छ असायची?"

म्हाताऱ्याने इंजिन डोळ्यांजवळ नेलं. मग हळूच म्हणाला, "थंडीत कुठली? वाफेनं अशीच धुकट व्हायची. बाहीनं पुसायचो. इथून इथपर्यंत." आणि त्यांचा हात हवेत अर्धगोल फिरला.

सुनेने तो अर्धगोल डोळ्यांत धरला. काडीला कापूस गुंडाळला, त्यावर दात घासायची पेस्ट घेतली आणि तेवढीच काच घासत बसली. तासाभराने धुक्यातून एक कमान स्वच्छ उघडली.

शनिवारी सासऱ्यांना घेऊन सून दुकानात गेली. मालकिणीने इंजिन उजेडात धरलं. "ही काच?"

"चूक झाली होती, थिनर लागलं," सुनेने सरळ सांगितलं. "मग बाबा खऱ्या इंजिनाची पुसायचे तशी पुसली."

मालकीण कमानीतून आत बघत राहिली. "आत कुणीतरी उभं आहे असं वाटतंय हो," ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. "बाबा, माझ्याकडे अजून अकरा इंजिनं पडलीत. कुठे काय झिजतं ते यांना कोण सांगणार? सोमवारपासून दोघंही या."

आता माझ्या पोटात रंग थोडाच उरलाय. गोळी कोरडी वाजते. वाचणाऱ्यांनो, माझ्या भाऊबंदांचं टोपण तेवढं घट्ट लावत जा. आमच्यातून काय उतरेल, ते तुमच्या हातांनाच ठाऊक.

त्या रविवारी नणंद वडिलांचे कपडे न्यायला मोठी बॅग घेऊन आली. सासरे ताटावरून उठायला तयार नव्हते, तिसऱ्यांदा भात मागत होते. तीही मग पदर खोचून वाढायला बसली. संध्याकाळी बॅग रिकामीच परत गेली, आणि सोमवारी सकाळी सासरे-सून दाराला कुलूप लावून दोघं मिळून कामाला निघाले.